रोजचं एक कार्ड ओळखताना : अंदाज कसा बांधावा

(अचलपूर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव वाचून आज दोन तऱ्हेची मंडळी आलेली दिसतात. पुढच्या रांगांत माझ्या वयाची माणसं आहेत. त्यांना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने मोबाइलच्या खेळावर काय बोलायचं? आणि मागे भिंतीशी पोट्टे उभे आहेत, त्यांना वाटत असेल की या म्हाताऱ्याला आपल्या खेळातलं काय कळते! दोघांनाही विनंती आहे, तासभर थांबा. कारण आपण बोलणार आहोत ते अंदाजाबद्दल. अंदाज तुम्ही दोघेही रोज करता. डॉक्टर करतो, मोटार दुरुस्त करणारा करतो, कपाशीवर फवारणी कधी घ्यायची हे ठरवणारा शेतकरीही करतो. पण चांगला अंदाज कोणता, हे शिकायचं असेल तर खेळ ही फार सोयीची जागा आहे. इथे चुकलं तर नुकसान होत नाही, आणि चुकलं हे लगेच कळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. क्लॅश रोयाल नावाचा मोबाइलवरचा खेळ आहे. फिनलंडच्या सुपरसेल या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. त्यात शंभराहून जास्त कार्डं आहेत. खेळाडू त्यातली आठ निवडून आपला डेक करतो आणि समोरच्याशी लढतो. प्रत्येक कार्डाचे काही गुणधर्म ठरलेले असतात. ते टाकायला एलिक्सिर किती लागतं, ते ट्रूप आहे की स्पेल की बिल्डिंग, त्याचा दर्जा कॉमन, रेअर, एपिक, लेजंडरी की चॅम्पियन, ते कोणत्या वर्षी आलं, वगैरे.

दुसरीकडे २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी वर्डल नावाचं शब्दकोडं सर्वांसाठी खुलं केलं. रोज एकच शब्द, सगळ्या जगाला तोच, आणि सहा संधी. ते इतकं पसरलं की जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतलं. मग वेगवेगळ्या खेळांच्या चाहत्यांनी आपापल्या खेळावर तशीच रोजची कोडी केली. कार्डांच्या खेळावरचं कोडं असं असतं : आज एक कार्ड लपवलेलं आहे. तुम्ही एका कार्डाचं नाव टाकायचं. मग प्रत्येक गुणधर्माचा एक रकाना उघडतो. जुळला तर हिरवा, नाही जुळला तर लाल. आणि आकड्याचा रकाना असेल तर बाण येतो : खरं उत्तर याहून वर आहे की खाली.

बहुतेक मुलं कशी खेळतात? मनात जे कार्ड येईल ते टाकतात. आवडतं म्हणून, कालपासून डोक्यात आहे म्हणून. लागलं तर ‘लागलं!’ नाही लागलं तर दुसरं. माझं आजचं सगळं म्हणणं एका वाक्यात असं आहे : चांगला अंदाज तो, जो चुकला तरी काहीतरी सांगून जातो. आता हे वाक्य आपण हिशेबाने तपासू.

आपल्या जिल्ह्याचे चौदा तालुके

कार्डांकडे नंतर वळू. आधी सगळ्यांच्या ओळखीची यादी घेऊ. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत : अमरावती, भातकुली, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड, धारणी, चिखलदरा, चांदूर रेल्वे, तिवसा आणि धामणगाव रेल्वे. मी मनात एक तालुका धरला. तुम्ही हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे.

पहिला गडी विचारतो, “अचलपूर काय?” हा अंदाज झाला. पण ‘नाही’ म्हटलं तर? तेरा उरले. दुसरा विचारतो, “मेळघाटातला आहे का?” जरा बरं. ‘हो’ आलं तर धारणी आणि चिखलदरा, दोनच उरतात. पण ‘नाही’ आलं, आणि तेच येण्याची शक्यता जास्त, तर बारा उरतात. तिसरा विचारतो, “नाव दोन शब्दांचं आहे का?” ‘हो’ आलं तर पाच : नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे. ‘नाही’ आलं तर नऊ.

तिघांचाही हिशेब सरासरीने मांडून पाहा. पहिल्या प्रश्नानंतर सरासरी १२ तालुके शिल्लक राहतात, दुसऱ्यानंतर साधारण साडेदहा, तिसऱ्यानंतर साडेसात. तिसऱ्या प्रश्नात भूगोल नाही, अक्कल दाखवणारं काही नाही, नुसते शब्द मोजले. पण काम त्यानेच जास्त केलं. का? कारण त्याची दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत. प्रश्न जितका निम्म्याजवळ तोडेल तितका चांगला. असे निम्मे-निम्मे तोडत गेलात तर १४ चे ७, ७ चे ४, ४ चे २, दोनाचा एक. चार प्रश्नांत तालुका हातात.

चार प्रश्न फार वाटत नाहीत. पण अशाच वीस प्रश्नांनी किती गोष्टी वेगळ्या करता येतात? एकाला दोनाने वीस वेळा गुणा : १०,४८,५७६. दहा लाखांहून अधिक. चार्ल्स पर्स हे अमेरिकन तत्त्वज्ञ, जन्म १८३९, मृत्यू १९१४. त्यांनी वीस प्रश्नांच्या खेळाचं हेच उदाहरण घेऊन विज्ञानाबद्दल एक मुद्दा मांडला. संशोधकाकडे वेळ, पैसा आणि शक्ती मोजकी असते, म्हणून कोणता तर्क आधी तपासायचा याचंही एक अर्थशास्त्र आहे. खरा वाटतो तोच तर्क आधी घ्यावा असं नाही. जो तपासायला स्वस्त आहे आणि ज्याच्या चुकण्यातून सर्वांत जास्त मोकळं होतं, तो आधी घ्यावा. आपल्याकडे शेतातली मोटर बंद पडली की अनुभवी माणूस आधी बोर्डावर वीज आहे का ते बघतो. बिघाड तिथेच असेल अशी त्याला खात्री नसते. पण बघायला पैसा लागत नाही, आणि निम्म्या शंका तिथेच मिटतात.

गंजिफाची एकशे वीस पानं

तालुक्यांच्या खेळात एका वेळी एकच प्रश्न होता. कार्डाच्या कोड्यात मात्र एकच नाव टाकलं की चार-पाच रकाने एकदम उत्तर देतात. त्याचं गणित समजायला मी मुद्दाम आपल्या मराठी मुलखातला जुना पत्त्यांचा संच घेतो : सावंतवाडीची गंजिफा.

गंजिफाची पानं गोल असतात, हाताने रंगवलेली, वर लाखेचा लेप. दशावतारी गंजिफात दहा रंग, म्हणजे दहा अवतार : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगाची बारा पानं : एक ते दहा, मग प्रधान, मग राजा. दहा गुणिले बारा, एकूण १२० पानं. कार्डांची संख्या आपल्या मोबाइलच्या खेळाच्या जवळपासची आहे, आणि मांडणी स्वच्छ आहे, म्हणून हिशेबाला सोपी.

समजा मी या १२० पैकी एक पान लपवलं. तीन तऱ्हेने खेळू.

पहिली तऱ्हा : तुम्ही पान सांगायचं, मी फक्त ‘हेच’ किंवा ‘हे नाही’ म्हणणार. नशीब वाईट असेल तर १२० वेळा विचारावं लागेल.

दुसरी तऱ्हा : मी रंग जुळला की नाही आणि आकडा जुळला की नाही, हे वेगवेगळं सांगणार. म्हणजे हिरवा-लाल, पण बाण नाही. आता दर वेळी नवा रंग आणि नवा आकडा एकदम तपासता येतो. अगदी वाईटात वाईट बारा वेळा.

तिसरी तऱ्हा : दोन्ही रकान्यांना बाण. अवतार याआधीचा की नंतरचा, किंमत कमी की जास्त, तेही मी सांगणार. आता नीट पाहा. पहिला अंदाज मधला घ्या : वामनाचा सहा. मी म्हटलं, “अवतार नंतरचा, किंमत जास्त.” म्हणजे परशुराम ते कल्की हे पाच अवतार, आणि सात ते राजा या सहा किमती. १२० ची ३० झाली. यापेक्षा जास्त कोणत्याच उत्तराने उरत नाहीत. आता त्या तिसांतलं मधलं घ्या : कृष्णाचा नऊ. मी म्हटलं, “अवतार आधीचा, किंमत जास्त.” उरले परशुराम आणि राम, किमती दहा, प्रधान, राजा. सहा पानं. तिसरा अंदाज : रामाचा प्रधान. मी म्हटलं, “अवतार बरोबर, किंमत जास्त.” संपलं. रामाचा राजा. चौथ्या वेळी उत्तर. आणि मी कोणतंही पान लपवलं असतं तरी, या रीतीने चारापेक्षा जास्त वेळा विचारावं लागत नाही. घरी करून पाहा.

१२०, १२, ४. पानं तीच, लपवणारा तोच, ओळखणाराही तोच. फरक पडला तो उत्तर किती बोलकं आहे यामुळे, आणि त्या बोलकेपणाचा पुरता उपयोग केल्यामुळे. चार वेळांत काम झालं ते पहिलं पान मधलं घेतलं म्हणून. पहिलंच पान ‘मत्स्याचा एक’ घेतलं असतं तर बाण खाली जायला जागाच नव्हती. बहुतेक वेळा उत्तर आलं असतं, “अवतार नंतरचा, किंमत जास्त.” आणि १२० पैकी ९९ पानं तशीच पडून राहिली असती.

इथे आपल्या परिसरातली एक गोष्ट आठवते. रिद्धपूर इथून जवळच. महानुभावांच्या दृष्टांतपाठात हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आहे. प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा एकेक अवयव लागतो आणि प्रत्येक जण तोच हत्ती समजतो. पंथात त्याचा अर्थ ईश्वराच्या ज्ञानाशी जोडलेला आहे, तो अर्थ फार वरचा. पण आपल्या छोट्या कामालाही तो उपयोगी पडतो. कोड्यातला एकेक रकाना म्हणजे हत्तीला लागलेला एकेक हात. ‘एपिक आहे’ एवढ्याने कार्ड कळत नाही, ‘चारापेक्षा जास्त एलिक्सिर’ एवढ्यानेही नाही. सगळे हात एकत्र केले की हत्ती दिसतो. मुलं हमखास चुकतात ती इथेच. ताज्या अंदाजाची उत्तरं बघतात आणि दोन अंदाजांपूर्वी मिळालेलं विसरतात.

आता मोबाइलचं कार्ड

हे सगळं क्लॅश रोयालच्या कोड्याला लावू. मागची मंडळी आता लक्ष देतील.

एक. पहिलं कार्ड मधलं आणि गर्दीतलं घ्या. आकड्याच्या रकान्यासाठी मधलं, जातीच्या रकान्यासाठी गर्दीतलं. या खेळात एक एलिक्सिरची कार्डं आहेत, नऊचं थ्री मस्केटियर्सही आहे, पण दाटी दोन ते पाच यांच्यात आहे. म्हणून पहिलं कार्ड तीन किंवा चारचं. प्रकारांत ट्रूप सर्वांत जास्त, म्हणून पहिलं कार्ड ट्रूपच. तो रकाना लाल आला तर मोठा भाग एकदम गळतो. मस्केटियर घ्या : चार एलिक्सिर, रेअर, ट्रूप. चांगली सुरुवात आहे. आवडतं म्हणून गोलेम टाकलं, आठ एलिक्सिरचं, तर बहुतेक दिवशी बाण खालीच येणार, आणि ते तुम्हाला आधीच माहीत होतं. जे आधीच माहीत आहे ते उत्तरातून ऐकण्यात संधी गेली.

दोन. टोकाचा आकडा जपून. खेळ २०१६ चा, म्हणजे २०१६ चं कार्ड टाकलं की वर्षाचा बाण वरच जाऊ शकतो. पण त्या वर्षी आलेली कार्डंही पुष्कळ आहेत, म्हणून तिथे हिरवं येण्याला किंमत आहे. दोन्ही तोलून पाहायचं. एकाच रकान्याकडे बघून कार्ड निवडू नका.

तीन. उरलेली कार्डं मोजा, आणि ती कशी विभागली जातील ते बघा. उदाहरण देतो. समजा आधीच्या अंदाजांवरून चारच कार्डं उरली : हॉग रायडर, मस्केटियर, मिनी पेक्का आणि व्हॅल्किरी. चारही चार एलिक्सिरची, चारही रेअर, चारही ट्रूप. आता मुलं म्हणतात, “चारांतलं कोणतंही टाका, शक्यता सारखीच.” लागण्याची शक्यता सारखी आहे, खरं. पण समजा तुमच्या कोड्यात ‘कोणावर हल्ला करतं’ असा रकाना आहे. हॉग रायडर फक्त इमारतींवर जातो. मस्केटियर जमिनीवरच्या आणि हवेतल्या दोन्हींवर मारा करते. मिनी पेक्का आणि व्हॅल्किरी फक्त जमिनीवर. मस्केटियर टाकून चुकलात तर तो रकाना लाल येतो आणि तीन कार्डं उरतात. मिनी पेक्का टाकून चुकलात तर? रकाना हिरवा आला तर व्हॅल्किरी, नक्की. लाल आला तर हॉग किंवा मस्केटियर, दोनच. दोन्ही अंदाज लागण्याची शक्यता चारात एक, पण एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीपेक्षा जास्त शिकवते.

चार. कधी कधी जे उत्तर असूच शकत नाही ते कार्ड टाकावं. हे ऐकायला विचित्र वाटतं. पण मास्टरमाइंड नावाचा रंगीत खुंट्यांचा खेळ आठवत असेल : सहा रंग, चार जागा, १,२९६ मांडण्या. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी दाखवलं की कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच अंदाजांत ओळखता येते. त्यांच्या रीतीत काही वेळा असा अंदाज येतो, जो बरोबर असणं शक्यच नसतं. तो टाकायचा कारण तो उरलेल्यांना सर्वांत चांगलं फोडतो. संधी मोजक्या असतील आणि सारखी दिसणारी कार्डं बरीच उरली असतील, तेव्हा ही युक्ती कामाला येते.

पाच. यादी ताजी ठेवा. कंपनी नवी कार्डं आणते, जुन्यांचे गुणधर्म बदलते. जुन्या माहितीवर केलेला तर्क कितीही शुद्ध असला तरी उत्तर चुकतं. तर्काचा दोष नसतो, पण तर्काला दिलेला माल शिळा असतो.

‘हो’ ऐकण्याचा मोह

इतकं सोपं आहे तर माणसं असं का करत नाहीत? कारण आपल्याला ‘हो’ ऐकायला आवडतं.

पीटर वेसन या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं : २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन-तीन आकडे सांगा, ते बसतात की नाही हे मी सांगीन. खात्री झाली की नियम सांगा. विद्यार्थी काय सांगत? ८, १०, १२. “बसतं.” २०, २२, २४. “बसतं.” मग छातीठोकपणे, “नियम असा की दोनदोनने वाढतात.” चूक! नियम फक्त इतकाच होता की आकडे चढते हवेत. १, २, ३ सुद्धा बसलं असतं. पण ते विचारण्याचं बहुतेकांना सुचलं नाही, कारण आपला तर्क मोडेल असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. २९ जणांपैकी पहिल्याच प्रयत्नात बरोबर नियम सांगणारे फक्त ६ होते.

कार्डाच्या कोड्यातही हेच होतं. ‘आज लेजंडरीच असणार’ असं एकदा डोक्यात बसलं की मुलगा एकामागून एक लेजंडरी कार्डं टाकतो. आणि मोठ्या माणसांचं पाहा. ताप आला की ‘मागच्या वर्षी तेच होतं, तेच असेल’ म्हणून जुनीच गोळी. तपासणी नको, कारण तपासणीत ‘नाही’ येऊ शकतं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या ‘नाही’ला मानाचं स्थान दिलं होतं. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. शेषवत् चा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायन परिशेष असा करतात. एकेक पर्याय नाकारत जायचं आणि जो शेष राहील तो स्वीकारायचा. शब्द, म्हणजे ध्वनी, हा द्रव्य आहे, गुण आहे की कर्म? द्रव्य नाही, त्याचं कारण दिलं. कर्म नाही, त्याचंही कारण दिलं. मग उरला गुण. कार्ड ओळखणारा मुलगा नकळत परिशेषच वापरतो. फक्त एक अट कायम लक्षात ठेवायची : सुरुवातीची यादी पूर्ण हवी. यादीतच एक पर्याय सुटला असेल तर शेष राहिलेलं खरं असेलच असं नाही. अचलपूरचं नावच यादीत लिहिलं नाही, तर सगळा जिल्हा शोधूनही अचलपूर सापडायचं नाही.

जिथे अंदाज काहीच शिकवत नाही

आता ज्यासाठी मी हा विषय मुद्दाम घेतला, तिथे येतो.

अंदाजाचा आणि पत्त्यांचा आणखी एक खेळ आपल्या महाराष्ट्रात फार वर्षं चालत आला आहे. त्याचं नाव मटका. त्याचं मूळ कापसात आहे, म्हणून वऱ्हाडच्या माणसाने ते ऐकून ठेवावं. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ते बंद पडल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावं पुढे आली. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढायचे, म्हणून नाव मटका. पुढे पत्ते काढायची पद्धत आली : तीन पत्ते, त्यांची बेरीज, बेरजेचा शेवटचा अंक.

त्याला कायद्याने बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला आज कायदा सांगायचा नाही. मटका खेळणाऱ्याच्या हातात मागच्या आकड्यांचे चार्ट असतात. तो रात्ररात्र बसून त्यांत रांगा जुळवतो : सातचा अंक बरेच दिवस आला नाही, म्हणजे आता येणार. दिसायला हे अगदी आपल्या कोड्यासारखंच आहे. मागची उत्तरं बघायची, तर्क करायचा, पुढचा अंक ठरवायचा. मेहनतही कमी नाही. हुशार माणसं यात बुडाली ती आळसाने नव्हे. आपण तर्क करतो आहोत, या समजुतीने बुडाली.

फरक कुठे आहे? कोड्यात आज एकच कार्ड लपलेलं आहे आणि ते दिवसभर बदलत नाही. तुमचा पहिला, दुसरा, तिसरा अंदाज त्याच एका गोष्टीबद्दल बोलतो, म्हणून माहिती साठत जाते. मटक्यात कालचा अंक कालच संपला. आज पत्ते पुन्हा पिसले. पिसलेल्या पत्त्यांना काल काय आलं ते आठवत नाही. काल सात आला नाही, हे आजच्या सातबद्दल काही सांगत नाही. शंभर चुकलेल्या अंदाजांनंतरही तुम्ही जिथे होतात तिथेच आहात. फक्त खिसा हलका झाला.

खिशाचाही हिशेब करू. समजा दहा अंकांची शक्यता सारखी आहे, आणि लागला तर एकाला नऊ मिळतात. रोज दहा रुपये लावले, शंभर दिवसांत हजार रुपये गेले. सरासरीने दहा दिवस लागला, दर वेळी नव्वद, म्हणजे नऊशे आले. शंभर रुपये लावणाऱ्याच्या चातुर्याने कमी-जास्त होत नाहीत, कारण चातुर्याला धरायला तिथे काही नाही.

आता हेच मोबाइलवर आलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पण रूप बदलून अशा गोष्टी पुन्हा येतात. तेव्हा पोरांना ‘मोबाइल वाईट’ एवढं सांगून भागणार नाही. त्यांना एक कसोटी द्यायला हवी : माझा अंदाज चुकला तर पुढच्या अंदाजासाठी माझ्या हाती काय येतं? काही येत असेल तर तो अभ्यास आहे. काहीच येत नसेल तर तो जुगार आहे, मग त्याला कोणतंही नाव द्या.

प्रश्नोत्तरं

एका विद्यार्थ्याने विचारलं : “सर, यादी समोर उघडी ठेवून कोडं सोडवलं तर ती कॉपी झाली का?”

नाही. यादी म्हणजे जगाची माहिती. ती पाठ असणं हा वेगळा गुण आहे आणि तिच्यातून नेमकं काढणं हा वेगळा. माझ्या मते शिकणाऱ्याने यादी समोर ठेवूनच खेळावं. आजचं उत्तर दुसऱ्याकडून विचारून घेणं ही मात्र कॉपी. त्यात हरकत नीतीची नंतर, आधी नुकसान आपलंच. कोडं सुटलं, पण सोडवलं कोणी?

एका आजींनी विचारलं : “नातू त्या मोबाइलमधून मान वर काढत नाही. आणि तुम्ही त्याला अजून कोडी शिकवता?”

आजी, तुमचा राग रास्त आहे. या कोड्याचा एक गुण असा की ते दिवसाला एकच. सुटलं की संपलं. त्याला एक काम सांगा. कोडं तुमच्याजवळ बसून सोडवायचं, आणि प्रत्येक कार्ड टाकण्याआधी तुम्हाला कारण सांगायचं, ‘आजी, हे का टाकतो’. तुम्हाला कार्डं कळली नाहीत तरी चालेल. कारण सांगताना तो अडखळला की त्याला स्वतःलाच कळेल. आणि जमलं तर त्याला तालुक्यांचा खेळ शिकवा, त्याला बॅटरी लागत नाही.

मागून एकाने विचारलं : “पण सर, नशीब काही असतेच ना? माह्या दोस्तानं काल पहिल्याच फटक्यात कार्ड ओळखलं. त्याले काहून जमलं?”

असतं ना बाप्पा. १२० कार्डांत एखाद्याचं पहिल्याच फटक्यात लागणारच. पण एका दिवसावरून रीत पारखू नये. चांगल्या रीतीचाही एखादा दिवस वाईट जातो आणि नुसत्या मारलेल्या खड्याचाही एखादा लागतो. एक वही करा. महिनाभर रोज किती अंदाज लागले ते लिहा, दोस्तालाही लिहायला सांगा. महिन्याच्या शेवटी दोन्ही बेरजा शेजारी ठेवा. मग नशीब किती आणि रीत किती, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

आणि त्या वहीत आणखी एक गोष्ट लिहायची. उद्या सकाळी पहिलं कार्ड टाकण्याआधी एक ओळ लिहा : ‘हे चुकलं तर मला काय कळेल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर ते कार्ड ठेवून द्या आणि दुसरं शोधा. असं महिनाभर केलंत की ही ओळ लिहायची गरज पडणार नाही, ती आपोआप मनात येईल. मग ती कार्डांपुरती राहणार नाही.